वाचकांचे प्रश्न : ऑटिझम, नैराश्य आणि नोकरीच्या जागी मागायच्या सोयी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी चौतीस वर्षांची असून पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नऊ वर्षांपासून काम करते. दोन वर्षांपूर्वी मला ऑटिझम असल्याचे निदान झाले. त्याच्या बऱ्याच आधीपासून चिंताविकार व नैराश्य यांसाठी माझे औषधोपचार चालू आहेत. निदान होईपर्यंत सगळा दोष माझ्या स्वभावाचाच आहे, असे मी धरून चालले होते. यंदा आमचे कार्यालय नव्या इमारतीत गेले. तेथे एकच मोठा हॉल आहे, कोणाचीही जागा ठरलेली नाही आणि रोज सकाळी मिळेल त्या खुर्चीवर बसावे लागते. नवे वरिष्ठ चालता-चालता तोंडी सूचना देतात, दुपारी त्या बदलतात आणि संध्याकाळी फोन करून आणखी काही सांगतात. महिनाअखेरीला माझा श्वास कोंडतो आणि स्वच्छतागृहात जाऊन बसावे लागते. माझ्या हिशेबांबद्दल कोणाची तक्रार नाही, तरी या वर्षीच्या मूल्यमापनात ‘सहकाऱ्यांत मिसळत नाही, बोलताना नजर चुकवते, तत्परता कमी’ असे शेरे आले. एचआर विभागात मी फक्त नैराश्याबद्दल सांगितले, तेव्हा त्यांनी बिनपगारी दीर्घ रजा घ्यावी किंवा ‘झेपेल असे’ दुसरे काम पाहावे, असे सुचवले. ऑटिझमचे अजून कोणालाच सांगितलेले नाही. आई म्हणते, सांगू नकोस, एकदा कागदावर आले की ते जन्मभर राहते. माझ्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही. मला सोयी मागण्याचा हक्क आहे का? काय मागावे, कसे मागावे आणि नकार मिळाल्यास काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नांआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. राजीनामा देऊ नका आणि दीर्घ रजेच्या अर्जावर घाईने सही करू नका. डॉक्टरांना विश्रांती आवश्यक वाटत असेल तर रजा जरूर घ्यावी. परंतु ती उपचाराचा भाग म्हणून घ्यावी, सोयींच्या बदल्यात नव्हे. रजेवरून परत आल्यावर तोच हॉल, त्याच बदलत्या खुर्च्या आणि त्याच तोंडी सूचना असतील, तर काही आठवड्यांत तुम्ही पुन्हा याच ठिकाणी याल. तेव्हा मात्र ‘रजा देऊनही सुधारणा नाही’ अशी नोंद तुमच्या नावापुढे लागलेली असेल. मन फारच खचलेल्या दिवशी कोणताही निर्णय ईमेलने कळवू नका. त्या काळात बोलायला कोणी जवळ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एचआर विभागाने तुम्हाला विश्रांती सुचवली, कारण त्यांच्यासमोर तुम्ही फक्त नैराश्य ठेवले होते. नैराश्य म्हटले की रजा, समुपदेशन आणि ‘लोकांत मिसळा’ हा सल्ला, एवढीच उत्तरे बहुतेक कार्यालयांना ठाऊक असतात. तुमच्या बाबतीत मात्र नैराश्य आणि चिंता यांना खतपाणी घालणारी कारणे कामाच्या जागेत आणि कामाच्या पद्धतीत आहेत, आणि ती ऑटिझम लक्षात घेतल्याशिवाय दिसत नाहीत. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांबाबतची तीव्र संवेदनशीलता ही काही नाजूकपणाची लक्षणे नव्हेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेत तिचा ऑटिझमच्या निकषांमध्येच समावेश केलेला आहे. तोंडी सूचना ऐकता-ऐकता त्यांचा क्रम लावणे, अचानक झालेला बदल पचवणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून न बोललेले ओळखणे, यांत इतरांच्या लक्षातही न येणारी शक्ती तुम्हाला खर्चावी लागते. त्यावर, आपण इतरांसारखेच दिसावे म्हणून दिवसभर स्वतःला आवरून धरण्याचा ताण असतो. ऑटिझम असलेल्या प्रौढांमध्ये चिंताविकार व नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते, आणि हे सतत लपवत राहणे त्याच्याशी निगडित असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

म्हणूनच दोन्ही निदानांना एकत्र विचारात घेऊन सोयी मागाव्यात, असे माझे ठाम मत आहे. केवळ नैराश्यासाठी आखलेली मदत तुम्हाला उलटी बाधू शकते. आनंदी वातावरणासाठी ठेवलेले सामूहिक खेळ, दर शुक्रवारची एकत्र न्याहारी, फोनवरून होणारे समुपदेशन या गोष्टी एखाद्याला उभारी देतील, पण तुम्हाला त्या आणखी थकवतील. कंपनी समुपदेशनाची सेवा देत असेल, तर ते लेखी संवादातून किंवा एकाच ठरलेल्या समुपदेशकाकडे प्रत्यक्ष भेटून होऊ शकते का, हे विचारा. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांशीही हे स्पष्ट बोला. कामाच्या ठिकाणच्या ताणाने आलेला टोकाचा थकवा आणि नैराश्याची तीव्र अवस्था ही वरवर सारखी दिसतात. परंतु पहिल्यात माणसांचा आणि गोंगाटाचा भार कमी केल्यावर बरे वाटू लागते, तर दुसऱ्यात एकटे पडून राहिल्याने आजार वाढू शकतो. तुमच्यात यांतले काय किती आहे, हे तेच ठरवू शकतात.

हक्काचे म्हणाल, तर तो आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे आणि मानसिक आजारही आहे. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिली, त्यातून हा कायदा आला आणि त्याबरोबर ‘वाजवी सोयीसुविधा’ ही कल्पना आली. एखाद्या व्यक्तीला आपले हक्क इतरांच्या बरोबरीने उपभोगता यावेत म्हणून केलेले आवश्यक व योग्य बदल, मात्र समोरच्यावर अवास्तव बोजा न टाकणारे, असा तिचा सारांश आहे. महत्त्वाचे असे की, अशी सोय नाकारणे याचा समावेश या कायद्याने भेदभावाच्या व्याख्येतच केलेला आहे.

तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही, याने हा हक्क बुडत नाही. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित होण्याची अट नोकरीतील आरक्षणासारख्या काही विशिष्ट लाभांसाठी आहे. लेखनिक मिळावा म्हणून लोकसेवा आयोगाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले की, वाजवी सोयीसुविधांचा हक्क या ४० टक्क्यांच्या मर्यादेत कोंडता येत नाही. त्या तरुणाला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याचे दिव्यांगत्व त्या मर्यादेत बसत नव्हते. सोय ही प्रत्येक व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते, हेही त्या निकालात विस्ताराने सांगितलेले आहे. तुमच्या एचआर विभागाने ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असे म्हटल्यास या निकालाचा उल्लेख जरूर करा.

तरीही प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, असे मी सुचवीन, कारण त्यामुळे वाद लवकर मिटतात. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करता येतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. ऑटिझमसाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते, तर मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही, जिच्यात स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांनी अडचण मोजतात. नीट बोलणारी, नोकरी करणारी, मोठ्या वयात निदान झालेली स्त्री समोर आली की तपासणाऱ्यांना तिची अडचण कमी वाटण्याचा धोका असतो, म्हणून लहानपणाच्या आठवणी सांगू शकणारे घरातील माणूस, शाळेचे जुने प्रगतिपुस्तक आणि सध्याच्या उपचारांची कागदपत्रे सोबत न्या. त्या दिवशी आपण चांगले दिसावे म्हणून धडपडू नका. कामावर जसा दिवस जातो, तसाच तो सांगा.

आईंची भीती मला निराधार वाटत नाही. आपल्याकडे मानसिक आजाराचे नाव निघाले की बढती, लग्न, शेजार या सगळ्यांवर त्याची सावली पडते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असणार. कायदा तुम्हाला निदान उघड करण्याची सक्ती करत नाही. परंतु कंपनीला जे ठाऊकच नाही, त्यासाठी तिने सोय का केली नाही, असा जाब नंतर विचारता येत नाही. म्हणून मधला मार्ग घ्या. निदान एचआर प्रमुखांना आणि कंपनीने दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमला असल्यास त्यांनाच सांगा. वरिष्ठांकडे फक्त मान्य झालेल्या सोयींची यादी जावी, निदान जाऊ नये, असे अर्जातच लिहा. सहकाऱ्यांना काय सांगायचे आणि केव्हा, हे सर्वस्वी तुमच्याकडे राहू द्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार तुमच्या उपचारांची गुप्तता राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, त्यामुळे कंपनीने त्यांना थेट फोन केला तरी ते तुमच्या संमतीशिवाय काही सांगू शकत नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञांकडून जे पत्र घ्याल, त्यावर बरेच काही अवलंबून असते. ‘रुग्णास नैराश्य आहे, तणाव टाळावा’ एवढ्या ओळीने कंपनीच्या हाती काहीच येत नाही. उलट ‘मग हिला कामच देऊ नये’ असा अर्थ काढला जातो. पत्रात निदान एका वाक्यात असावे आणि उरलेल्या मजकुरात कामाच्या कोणत्या बाबीत अडचण येते व कोणत्या बदलाने ती दूर होते, हे असावे. डॉक्टरांना तुमचे कार्यालय ठाऊक नसते, म्हणून जाण्यापूर्वी एका पानावर तुमचा नेहमीचा दिवस लिहून न्या : सकाळी काय घडते, कुठल्या क्षणी डोके बधिर होते, महिनाअखेरीला नेमके कशाने श्वास कोंडतो.

मागायचे काय, याबाबत माझा सल्ला असा की, एकदम पंधरा गोष्टी मागू नयेत. ज्या तीन-चार बदलांनी सर्वांत जास्त फरक पडेल आणि ज्यांना जवळजवळ खर्च नाही, त्यांपासून आरंभ करावा. तुमच्या पत्रावरून मला तरी पहिली गरज ठरलेल्या जागेची दिसते : हॉलच्या कडेला, पाठीमागे भिंत असलेली, प्रिंटर आणि दरवाजा यांपासून दूर, शक्य असल्यास डोक्यावरचा दिवा बंद ठेवता येईल अशी. दुसरी गरज लेखी सूचनांची. वरिष्ठांना बोलून सांगणेच सोयीचे वाटत असेल, तर त्यांनी सांगावे आणि तुम्ही पाच मिनिटांत ‘मला समजले ते असे’ असा ईमेल करावा व त्यांनी त्यावर होकार द्यावा. यात त्यांचा वेळ जात नाही आणि दोघांच्याही हाती नोंद राहते. तिसरी गरज बदलांची. कामाचा क्रम बदलायचा असेल तर आधीचे कोणते काम मागे ठेवायचे, हेही त्याच वेळी सांगितले जावे, आणि कार्यालय सुटल्यानंतर फोनऐवजी संदेश यावा. चौथी महिनाअखेरीची. त्या दिवसांत घरून काम किंवा लवकरची वेळ मिळाल्यास गर्दीचा प्रवास आणि हॉलचा गोंगाट दोन्ही टळतील. कानांवर हेडफोन लावण्याची परवानगी, मधूनच दहा मिनिटे शांत खोलीत बसण्याची मुभा, उपचारांच्या भेटीसाठी ठरावीक दिवशी दोन तास लवकर निघणे, बैठकीचे विषय आदल्या दिवशी मिळणे, या गोष्टी दुसऱ्या टप्प्यात घेता येतील. दहा मिनिटांच्या त्या मुभेला मी फार किंमत देतो. स्वच्छतागृहात लपावे लागणे आणि मान्य केलेल्या खोलीत जाऊन बसणे यांत माणसाच्या प्रतिष्ठेचा फरक आहे.

अर्ज ईमेलनेच करा आणि त्यात दुःखाचे वर्णन कमी व कामाचे वर्णन अधिक ठेवा. मजकूर साधारण असा असू शकेल :

‘मला ऑटिझम असून चिंताविकार व नैराश्य यांसाठी माझे उपचार चालू आहेत. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील वाजवी सोयीसुविधांच्या तरतुदीनुसार मी पुढील चार सोयींची विनंती करीत आहे. हॉलच्या कडेला एक ठरलेली जागा मिळावी, कारण रोज जागा बदलल्याने आणि आवाजामुळे बँक रिकन्सिलिएशनसारखे सलग लक्ष लागणारे काम वारंवार तुटते. कामाच्या सूचना लेखी मिळाव्यात किंवा मी पाठवलेल्या टिपणाला दुजोरा मिळावा, कारण त्यामुळे काम पुन्हा करण्याची वेळ येणार नाही. प्राधान्यक्रम बदलताना कोणते काम मागे ठेवायचे, हे कळवावे. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या तीन दिवशी मला घरून काम करू द्यावे. या सोयी तीन महिने लागू कराव्यात आणि त्यानंतर आपण एकत्र आढावा घ्यावा. माझ्या निदानाची माहिती आपल्यापुरतीच ठेवावी आणि या विनंतीला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.’

तीन महिन्यांची मुदत मी जाणीवपूर्वक घातली आहे. कायमचा बदल मागितला की व्यवस्थापक ‘उद्या सगळेच मागतील’ या विचाराने अडतो. मुदतीचा प्रयोग म्हटला की तो बहुधा करून पाहायला तयार होतो. त्या काळात काय सुधारले, याची नोंद तुम्हीही ठेवा.

मूल्यमापनातील शेऱ्यांना स्वतंत्र लेखी उत्तर द्या. नजरेला नजर न देणे हा लेखापालाच्या कामातील दोष कसा होतो, हे कोणालाही सांगता येणार नाही. ‘तत्परता कमी’ याचा अर्थ रिटर्न उशिरा भरले असा असेल तर त्यांनी तारखा द्याव्यात, आणि तोंडी विचारल्यावर लगेच उत्तर आले नाही एवढाच असेल तर ती सोयींच्या अर्जातील बाब आहे, असे नम्रपणे नमूद करा. ‘मिसळत नाही’ या शेऱ्याऐवजी, इतर विभागांना हवी ती माहिती वेळेवर मिळते की नाही, हा निकष ठेवावा, अशी सूचनाही करा.

आता नकाराबद्दल. येथे खासगी क्षेत्राची बाजू दुबळी आहे, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीसुविधा पुरवण्याचे थेट बंधन घालणारे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम २० सरकारी आस्थापनांविषयी बोलते. परंतु भेदभावाला मनाई करणारे कलम ३ सर्व दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, आणि कलम २१ नुसार समान संधी धोरण जाहीर करणे खासगी आस्थापनांनाही आवश्यक आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार, वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्याने कार्यवाही करावी किंवा आपली कृती कोणत्या रास्त उद्दिष्टासाठी आणि कशी प्रमाणशीर आहे, हे तक्रारदाराला लेखी कळवावे लागते. सोयींचा खर्च कर्मचाऱ्याकडून पूर्णतः किंवा अंशतः वसूल करता येत नाही, असेही त्याच नियमांत आहे; म्हणजे हेडफोन ‘तुमच्या पैशाने आणा’ हे उत्तर बरोबर नाही. अर्ज करण्यापूर्वी एचआरकडे समान संधी धोरणाची प्रत मागा. अनेक कंपन्यांत ते कोणी उघडूनही पाहिलेले नसते, आणि प्रत मागितल्यावरच संभाषणाचा सूर बदलतो.

एवढ्यानेही काही झाले नाही, तर पुण्यातच असलेल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्याच्या आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदारांना व कागदपत्रांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत, मात्र त्यांचा आदेश हा शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. तरीही आयुक्तांची नोटीस आल्यावर पुष्कळ कंपन्या तडजोडीला येतात. तक्रारीपूर्वी एकदा नोकरीविषयक कायदे जाणणाऱ्या वकिलांना नियुक्तिपत्र दाखवून घ्या. अर्ज, त्याला आलेले किंवा न आलेले उत्तर, मूल्यमापन आणि एचआरने रजा व दुसरी नोकरी सुचवली त्या भेटीची तारीख, हे सर्व आजच घरच्या ईमेलवर जपून ठेवा. कंपनीची गोपनीय आर्थिक कागदपत्रे मात्र त्यात येऊ देऊ नका. ती भेट तोंडी झाली असेल, तर ‘आपण अमुक दिवशी असे सुचवले होते, मी त्यावर विचार करीत आहे’ असा एक साधा ईमेल पाठवून तिची नोंद करून घ्या.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथील एका कारखान्याच्या डिझाइन विभागाचा प्रमुख आहे. माझ्या हाताखालील एक तरुण अभियंता ऑटिस्टिक आहे आणि त्याला नैराश्याचाही त्रास होतो. आम्ही त्याला सकाळची रोजची बैठक माफ केली आणि शांत जागा दिली. आता इतर म्हणतात, त्यालाच सवलत का? त्यात मागच्या आठवड्यात आराखडा ऐनवेळी बदलल्यावर तो सर्वांसमोर ओरडला आणि निघून गेला. व्यवस्थापन त्याला ताकीदपत्र देण्याच्या विचारात आहे. मी काय करावे?
— एक विभागप्रमुख

उत्तर : तुम्ही त्याला दिले ते काम करण्याचे साधन आहे, कामातून सूट नव्हे. त्याच्याकडून अपेक्षित आराखडे तेवढेच आणि त्याच दर्जाचे राहतात, हे सहकाऱ्यांना सांगा. त्यापलीकडे त्याच्या निदानाविषयी, त्याची परवानगी नसेल तर, एक शब्दही बोलू नका. ज्यांना शांत जागेचा खरोखर उपयोग होईल अशा इतरांनाही ती आठवड्यातून काही तास मिळू शकते का, ते पाहा. असंतोष बहुधा तेथेच कमी होतो.

ताकीदपत्राची मात्र घाई होऊ देऊ नका. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, म्हणजे रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी असे म्हटले की, ज्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई होत आहे त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असण्याची गरज नाही; ते कारणांपैकी एक असले तरी ती कारवाई भेदभाव ठरू शकते. तो खटला सरकारी सेवेतील होता, परंतु त्यामागचा विचार कोणत्याही व्यवस्थापकाने समजून घ्यावा असा आहे. आराखडा ऐनवेळी बदलणे टाळता येण्यासारखे होते का आणि बदल कसा सांगितला गेला, हे आधी तपासा. मग त्या तरुणाशी एकांतात आणि शांत झाल्यावर बोला. त्याच दिवशी नको, आणि अचानक बोलावूनही नको. बैठकीचा विषय त्याला लेखी कळवा. ओरडल्यामुळे ज्या सहकाऱ्याला त्रास झाला, त्याचीही दखल घेतली पाहिजे. पुढच्या वेळी भार असह्य झाला तर एक ठरलेली खूण करून बाहेर जाण्याची मुभा त्याला राहील आणि अर्ध्या तासाने तो लेखी उत्तर देईल, असे काही दोघांनी मिळून ठरवा. बदल दुपारी तीननंतर सांगायचा नाही, एवढा नियम केल्यास विभागातील सगळ्यांनाच त्याचा फायदा होईल.

प्रश्न : माझा मुलगा ऑटिस्टिक असून दिव्यांगांसाठीच्या आरक्षणातून जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून लागला. आवक-जावक विभागात त्याचे काम उत्तम चालले होते. आता त्याला लोकांशी थेट संबंध येणाऱ्या खिडकीवर बसवले आहे. तो रात्री झोपत नाही आणि सकाळी उलट्या होतात. मी साहेबांना भेटून विनंती करू का?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची कायदेशीर बाजू वरच्या पुण्याच्या वाचकापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयीसुविधा आणि अनुकूल वातावरण द्यावे, असे कलम २० स्पष्टपणे सांगते. ज्या कलम ३४ खाली एकूण ४ टक्के आरक्षणातून तो लागला, त्यात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा मिळून एक गट आहे. त्यामुळे त्याचे दिव्यांगत्व कार्यालयाच्या दप्तरी नोंदलेलेच आहे आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर त्यांना देता येणार नाही. पूर्वीच्या टेबलावर तो चांगले काम करीत होता, हा तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्या काळातील गोपनीय अहवालाची प्रत मागून घ्या.

साहेबांना भेटायला हरकत नाही, परंतु मुलगा प्रौढ आहे आणि सेवेत आहे, म्हणून अर्ज त्याच्या नावाने व त्याच्या सहीने जावा आणि त्यात काय लिहिले आहे हे त्याला पटलेले असावे. त्याला बोलणे जड जात असेल, तर तुम्ही सोबत बसाल, एवढेच अर्जात नमूद करा. खिडकीवरून पूर्वीच्या किंवा तशाच मागच्या टेबलावर बदली, एवढी एकच मागणी ठेवा आणि झोप व उलट्यांबाबत डॉक्टरांचे पत्र जोडा. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या. उत्तर न आल्यास याच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, त्याने दोन आठवड्यांच्या आत चौकशी करायची असते. तेथेही समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. तोपर्यंत त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या आणि आवश्यक असल्यास काही दिवसांची वैद्यकीय रजा रीतसर टाका, म्हणजे विनापरवाना गैरहजेरीची नोंद होणार नाही.